सख्य, संभाषण आणि स्वास्थ्य

‘स्नेह’ या संस्कृत शब्दाचे तेलतूप आणि ममता हे दोन्ही अर्थ वाचकांस परिचित आहेत. त्यांपैकी पहिला आयुर्वेदाने चिकित्सेत घेतला. पंचकर्मापूर्वीचे स्नेहन सर्वश्रुतच आहे. दुसरा स्नेहही शरीराच्या कामी येतो काय, हा प्रश्न मात्र गेल्या अर्धशतकातच मोजमापाच्या कक्षेत आला. शब्दसाम्यावरून सिद्धान्त काढण्याचा मोह भाषाभ्यासकाने आवरावा हे उचित. म्हणून प्रथम पुरावा पाहू.

कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यातल्या ६,९२८ प्रौढांची १९६५ मध्ये पाहणी झाली व पुढे नऊ वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. लिसा बर्कमन व लेनर्ड साइम यांनी १९७९ मध्ये दाखविले की, ज्यांचे सामाजिक संबंध सर्वांत तुटपुंजे होते त्यांच्या मृत्यूचे प्रमाण, संबंधसंपन्न व्यक्तींच्या तुलनेने, पुरुषांत २.३ पट व स्त्रियांत २.८ पट होते. आजारी माणसाचेच मित्र दुरावतात, त्याचे काय, अशी शंका येथे कोणीही घेईल. ती रास्त आहे. प्रारंभीची प्रकृती, धूम्रपान, मद्यपान यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही संबंध टिकला, एवढेच उत्तर अशा निरीक्षणातून देता येते.

शेल्डन कोहेन व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने अधिक बोलका आहे. २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात पडशाच्या विषाणूंचे थेंब घालून त्यांना विलग ठेवण्यात आले. ज्यांचे संबंध केवळ एक ते तीन प्रकारचे होते, त्यांना पडसे होण्याचा धोका सहा वा अधिक प्रकारचे संबंध राखणाऱ्यांच्या ४.२ पट आढळला. महत्त्व परिचितांच्या संख्येपेक्षा संबंधांच्या वैविध्यास होते, ही बाब मला विशेष अर्थपूर्ण वाटते. शेजारी, सहकारी, बालमित्र यांपैकी प्रत्येकाशी आपण निराळ्या भाषेत बोलतो, आणि त्या त्या भाषेत आपण काहीसे निराळेच असतो.

हे संबंध टिकतात कशाने? ब्रोनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये ‘फॅटिक कम्यूनियन’ ही संज्ञा योजून दाखवून दिले की, पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसतेच. ते सान्निध्य जुळवण्यासाठी असते. आपल्याकडील ‘काय, जेवण झालं का?’ किंवा ‘कुठं निघालात?’ या पृच्छा याच जातीच्या. विचारणाऱ्यास उत्तराची फारशी गरज नसते. पण पृच्छाच थांबली, की काही बिघडले आहे हे दोघांनाही कळते. अर्थहीन म्हणून व्याकरणकारांनी उपेक्षिलेले हे बोलणे मैत्रीच्या संगोपनाचे मुख्य साधन होय, असे माझे मत आहे.

मराठीत संबोधनही याची साक्ष देते. प्रौढ वयात जुळलेला परिचय बहुधा ‘अहो’वरच थांबतो; ‘अरे’चा अधिकार प्रायः शाळा-महाविद्यालयाच्या वयातच मिळून जातो. त्यामुळे ‘अरे’ म्हणणाऱ्यांची संख्या वयाबरोबर घटतच जाते व तिची भरपाई सहसा होत नाही. प्रस्तुत लेखकास विभागात दिवसभर ‘सर’ हेच संबोधन ऐकू येते. ‘अरे’ म्हणणारे तिघे उरले आहेत. त्यांपैकी एक नागपुरास असतो. रविवारी सकाळी त्याचा दूरध्वनी येतो, आणि त्या अर्ध्या तासात माहिती म्हणावी अशी गोष्ट बहुधा एकही नसते.