न लावलेला गंधार: तानपुऱ्याची जवारी कशी काढतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात.

आठवडाभर मी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या गिटारी दुरुस्त करतो. त्यामुळे आजीने कपाटावरचा तानपुरा खाली काढायला सांगितला तेव्हा वाटलं, चारच तर तारा, दुपारभराचं काम! आजी हल्ली मोबाईलवरचं तानपुऱ्याचं ॲप लावून गाते. पण तिला स्वतःचा तानपुरा हवा होता.

नव्या तारा चढवल्या. जोडीच्या पोलादी, खर्जाची पितळी. प, सा, सा आणि खर्जाचा सा, सगळं ट्यूनरवर बरोबर. आजीने ऐकलं आणि विचारलं, "गंधार कुठाय?"

मी चाट पडलो. गंधाराची तारच नाही, तर गंधार येणार कुठून?

तर ऐका. कुठल्याही तारेतून मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वरही निघतात. हे हार्मोनिक. सा च्या तारेतला पाचवा हार्मोनिक म्हणजे गंधार. गिटारवर तो पटकन विरतो, तानपुऱ्यावर मात्र उमलून येतो. ही सगळी करामत घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची.

गिटारची तार एका कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी हलका उतार असतो. तार थरथरताना त्या उताराला टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि ताकद वरच्या हार्मोनिकांकडे जात राहते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. तार ज्या बिंदूवर छेडल्यावर एखादा हार्मोनिक यायलाच नको, तिथेही तानपुऱ्यात तो ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. गिटारवाला ज्या झणझणीला दोष म्हणतो, तीच इथे जवारी.

वर्षानुवर्षं वाजवून घोडीवर तारांचे चरे पडतात, उतार बिघडतो, जवारी बंद होते. मग घोडी घासून उतार नव्याने काढायचा. याला म्हणतात जवारी काढणं.

मी व्हिडिओ बघून कानस चालवली. खर्जाच्या तारेखाली जास्त घासलं गेलं आणि नुसती खरखर सुरू झाली. कोडमध्ये जुनं व्हर्जन परत आणता येतं हो, घासलेलं हाड नाही! घोडी आधीच झिजून पातळ झालेली. रात्री नीट झोप लागली नाही.

शेवटी तानपुरा घेऊन मिरज गाठली. दीडशेहून अधिक वर्षं तंतुवाद्यं घडवणारं हे गाव. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागीर काकांनी घोडी उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "अजून एकदा निघंल. पण तूच काढ, मी बसतो."

त्यांनी शिकवलेली पद्धत अशी: एका वेळी एकच तार सैल करून बाजूला सरकवा. दोन-चार हात हलके फिरवा, भुकटी पुसा. तार परत जागेवर आणून पुरती सुरात लावा, कारण ताण बदलला की जवारीही बदलते. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवा. एका जागी आवाज अचानक उघडतो. नाही उघडला, तर पुन्हा पहिल्यापासून. चार तारांना मला अख्खा दिवस लागला.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर आधी फक्त दोरा सरकवून बघा. त्याने काही बिघडत नाही आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. खुंटी घसरत असेल तर खडू लावा. कानस हातात घ्यायची तर एखाद्या जुन्या, टाकाऊ घोडीवर. घरच्या तानपुऱ्यावर नको, माझ्यासारखं!

घरी आल्यावर आजीने तानपुरा मांडीवर घेतला. डोळे मिटून बराच वेळ छेडत राहिली. मग म्हणाली, "आला गंधार. पंचम जरा उतरलाय, चढव."

चढवला. आणि ॲप बंद केलं.

भेटू पुढच्या भागात!