संगणकाचे भाग बदला, संसार तोच ठेवा



आपल्या शाळेतला संगणक सुरू व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात अख्ख्या वर्गाची हजेरी होऊन जाते. कोणी म्हणते, "भंगारात काढा." कोणी म्हणते, "सगळे पुसून टाका आणि नव्याने भरा." पण त्यात आपल्या सहलीचे फोटो आहेत, आपण टाइप केलेल्या गोष्टी आहेत, मराठी टायपिंगची सोय आहे. हे सगळे राखून संगणक वेगवान करता येतो काय? बहुतेक वेळा येतो. सरांना विचारून मी जे समजून घेतले, ते इथे लिहीत आहे.

संगणकाचे जे भाग हाताला लागतात ते हार्डवेअर. त्या भागांकडून काम करून घेणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, जसे विंडोज किंवा लिनक्स. पावसाळ्याआधी आपण घरावरची फुटकी कवेलू बदलतो. त्यासाठी कोणी घरातला संसार बाहेर फेकतो का? नाही. संगणकाचेही तसेच आहे.

मोठ्या लोकांनीही हेच केले आहे. डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. आपल्या नागपुरातल्या ज्या कॉलेजला आज व्हीएनआयटी म्हणतात, तिथून ते १९६५ साली इंजिनिअर झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. पुढे त्याहून वेगवान प्रोसेसर जोडून 'परम ८६००' झाला. पण प्रोग्राम चालवण्याची 'परास' नावाची व्यवस्था दोन्हींवर एकच ठेवली. त्यामुळे जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर नेता आले.

आता आपल्या संगणकाकडे वळू.

पहिला भाग रॅम. रॅम म्हणजे पाटी आणि हार्ड डिस्क म्हणजे वह्यांची पेटी. पाटी लहान असली की संगणकाला सारखे पेटीकडे धावावे लागते, म्हणून तो अडखळतो. जास्तीची रॅम लावली की विंडोज तिला आपोआप ओळखते, काही पुसावे लागत नाही. मात्र डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ बसत नाही, म्हणून आधी प्रकार पाहून घ्यावा. आणखी एक गोष्ट. आपले विंडोज ३२ बिटचे असेल तर ते ४ जीबीच्या वरची रॅम वापरत नाही. मग पैसे फुकट जातात.

दुसरा भाग हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी गरगर फिरते आणि माहिती शोधायला वेळ लागतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून जुन्या संगणकाला सर्वात जास्त फरक हिनेच पडतो. पण फाइली नुसत्या उचलून एसएसडीत टाकल्या तर संगणक सुरू होणार नाही. क्लोनिंग करावे लागते. म्हणजे पेटीतल्या सगळ्या वह्या त्याच क्रमाने, कुलूपकिल्लीसकट, नव्या पेटीत मांडायच्या. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. सगळे नीट चालते आहे अशी खात्री होईपर्यंत ती पुसू नये.

तिसरा भाग मदरबोर्ड. इथे जरा सांभाळावे लागते. विंडोज १० आणि ११ नवा बोर्ड बहुधा ओळखून घेतात, पण विंडोजचा परवाना बोर्डाशी बांधलेला असतो. संगणकासोबत आलेला परवाना सहसा दुसऱ्या बोर्डावर चालत नाही. लिनक्समध्ये बहुतेक भाग चालवण्याची सोय आधीच असते, म्हणून ते नव्या बोर्डावर बहुधा सरळ सुरू होते.

काम करताना हे पाळावे. आधी फोटो आणि गोष्टींची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी. संगणक बंद करून प्लग काढावा. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते आणि अंगात स्थिर वीज साठते, म्हणून रॅमला हात लावण्याआधी पेटीच्या लोखंडी भागाला हात लावावा. पॉवर सप्लायचा डबा कोणीच उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात वीज राहते. आणि हे काम मोठ्या माणसांनीच करावे, आपण बाजूला उभे राहून पाहावे.

पालकांनो, एक गोष्ट खर्च करण्याआधी पाहा. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. रॅम आणि एसएसडी घालून ही उणीव भरून निघत नाही. असा संगणक वेगवान होईल, पण इंटरनेटवर तो सुरक्षित राहणार नाही. मग लिनक्स घालावे लागेल, आणि त्यासाठी नव्याने भरणी आलीच. पण रॅम आणि एसएसडी तिथेही कामी येतील.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत "नवा घ्यायचा की नाही" एवढेच विचारू नका. "यात कोणती रॅम बसते, विंडोज कितवे आहे, प्रोसेसर कोणता आहे" हेही विचारा. ही तीन उत्तरे मिळाली की वर्गणीतला पैसा योग्य जागी लागेल आणि आम्हा मुलांना संगणकाच्या तासाला नुसता पडदा पाहत बसावे लागणार नाही.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी