खंडेनवमीचे वाहनमार्जन

आश्विन शुद्ध नवमी ही आपल्याकडे खंडेनवमी म्हणून पाळली जाते. खंडा म्हणजे खड्ग. एके काळी या दिवशी शस्त्रे घासूनपुसून देवापुढे मांडीत. आज त्यांच्या पंक्तीस सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र आणि दारातली मोटार येऊन बसली आहे. पूजेपूर्वी पूज्य वस्तू निर्मळ असावी या दंडकास अनुसरून सकाळीच मोटारी धुतल्या जातात. बाहेरून धुण्यास हरकत नाही. परंतु उत्साहाच्या भरात बॉनेट उघडून इंजिनावरही पाण्याची नळी धरली जाते, आणि तेथे घात होतो.

हा प्रमाद २०१८ सालच्या खंडेनवमीस आम्ही स्वतःच केला. सायंकाळी शेजारच्या तालुक्यात कीर्तन ठरलेले. बाजारातून नुकत्याच आलेल्या, तापलेल्या गाडीचे बॉनेट उघडून आम्ही इंजिनास मनसोक्त स्नान घातले. पूजा यथासांग झाली. दुपारी किल्ली फिरविली, तो इंजिनाने चार आचके दिले आणि ते मूक झाले. मेकॅनिकने स्पार्क प्लगच्या खोबणीत साचलेले पाणी दाखविले व म्हणाला, “बुवा, अभिषेक देवाला करा, इंजिनाला नको.” एस.टी.ने पोहोचेपर्यंत पूर्वरंगाची वेळ टळून गेली होती आणि श्रोते ताटकळून अर्धे उठले होते. यजमान काही बोलले नाहीत, हेच आम्हांस अधिक लागले.

संस्कृतात ‘मृज्’ धातूचा अर्थ पुसणे, स्वच्छ करणे. त्यावरून ‘मार्जन’ शब्द आला. संध्येतील मार्जन तर चार थेंबांनीच होते. इंजिनालाही अभिषेक नव्हे, मार्जनच हवे.

प्रथम गाडी दोन-तीन तास गार होऊ द्यावी. तप्त धातूवर थंड पाणी पडल्यास तो तडकण्याचे भय असते, आणि हात भाजतो तो वेगळाच. उपरणे, सैल बाह्या, अंगठ्या दूर ठेवाव्यात; काही गाड्यांतील पंखा इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू लागतो. किल्ली काढून बॅटरीची ऋण बाजूची तार आधी सोडवावी. मात्र त्याने घड्याळ वा रेडिओची जुळणी पुसली जाऊ शकते, म्हणून गाडीसोबतची पुस्तिका पाहावी. संकरित वा विजेच्या गाडीत नारिंगी वेष्टनाच्या तारा दिसतात. त्यांत घातक दाबाची वीज असते. तेथे हात घालूच नये, ते काम जाणकारावर सोपवावे.

मग वाळकी पाने, उंदरांनी आणलेल्या चिंध्या हातमोजे घालून वेचाव्यात. अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, संगणकाची पेटी आणि हवा आत घेणारे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घट्ट झाकावे. कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. तेलकट थरावर वंगण काढणारे सौम्य द्रावण फवारून काही मिनिटे थांबावे, ते वाळण्यापूर्वी घासावे आणि ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसावे. रॉकेल, डिझेल वा पेट्रोल वापरण्याची जुनी रीत पुष्कळांच्या हाडीमासी खिळली आहे. ती सोडावी, कारण एका ठिणगीत होळी पेटते. तेलाची फडकी गटारात वा नदीवर धुवू नयेत, हे आम्हां क्षेत्रस्थांस सांगावे लागावे हे दुर्दैव.

कोरड्या फडक्याने सर्व टिपावे, पिशव्या एकूण एक काढाव्यात, बॅटरीची तार जोडावी आणि बॉनेट उघडे ठेवूनच दहा मिनिटे इंजिन चालवावे.

पूजेविषयीही दोन शब्द. हळदकुंकू बॉनेटवर बाहेरून वाहावे. अक्षता आत टाकल्यास उंदरांना नैवेद्यच होतो. उदबत्ती, निरांजन उघड्या इंजिनाजवळ नेऊ नये. झेंडूचे तोरण रेडिएटरच्या जाळीवर हवा अडेल असे बांधू नये.

आम्ही हल्ली हे मार्जन अष्टमीच्या दुपारीच उरकतो. कोठे ओल राहिलीच तर वाळण्यास एक रात्र मिळते, आणि नवमीला गाडीस नुसते फडके फिरविले की पुरते.