सोसायटी सभासदाची, सभासद सोसायटीचा

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने कर्जबाजारीपणावर सनदशीर उपाय दिला. तथापि १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा शेकडा ३ च्या आसपासच आढळला.

आज गावची सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून पैसा आणून सभासदास पीककर्ज देते. परंतु मुदत भरताच सावकाराकडून रक्कम उचलून ‘नवे-जुने’ करणारा सभासद पुन्हा त्याच फासात सापडतो. म्हणून पीक बुडाल्यास संकोच न करता सचिवास वेळीच कळवावे, पंचनामा करवून घ्यावा व दुष्काळ जाहीर झाल्यास कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज द्यावा. वार्षिक सभेस अवश्य जावे. भाग कितीही असोत, तेथे प्रत्येकास मत एकच असते.