मळ्यातल्या जुन्या घरात राहायला जाताना आधी छपराकडे पाहा

चाकणच्या तळेगाव चौकातून वाहनांच्या रांगेतून वाट काढत तळेगाव रस्त्याला लागले, की महाळुंगे, खालुंब्रे, सावरदरी, वराळे अशी गावे येतात. कारखान्यांच्या उंच निळ्या-पांढऱ्या शेडच्या शेजारीच मध्येच एखादे कौलारू घर अजून उभे दिसते. काळ्या दगडाचे जोते, पुढे ओसरी, बाजूला रिकामा गोठा आणि दाराला गंजलेले कुलूप. घराचे मालक बहुधा मोशी, चिखली किंवा भोसरीच्या सदनिकेत राहत असतात आणि वर्षातून एकदा, गावच्या यात्रेला, ते कुलूप उघडले जाते.

ही कुलुपे का लागली, हे या पट्ट्याच्या इतिहासावरून कळते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका मिळाली. पुढे १९९० नंतरच्या दोन दशकांत मोटार उद्योगाने चाकणपर्यंत मजल मारली. जमिनी संपादनात गेल्या, मुले कंपनीत लागली, घरे मागे राहिली. आता त्यांतली काही कुलुपे निघू लागली आहेत. कोणी कंपनीतून निवृत्त झालेला असतो, कोणाच्या आई-वडिलांना चौथ्या मजल्यावरच्या घरात करमत नसते, तर कोणाला २०२० नंतर घरूनच काम करण्याची मुभा मिळालेली असते. कारण कोणतेही असो, परतलेल्या कुटुंबाच्या हातून पहिल्या दोन-तीन महिन्यांत ज्या चुका होतात त्या जवळपास सारख्याच असतात. त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सामान उतरल्याबरोबर सिमेंटची पोती मागवणे.

घर नेमके कोणाचे?

गवंड्याला बोलावण्यापूर्वी कागद पाहावेत. घर गावठाणात आहे की शेतात, यावर कागद अवलंबून असतात. मळ्यातल्या घराखालच्या जमिनीचा सातबारा असतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तेथे बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो आणि तोच मालकीचा पुरावा समजला जातो. प्रत्यक्षात तो कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची केंद्राची ‘स्वामित्व’ योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. आपल्या गावाची मोजणी झाली आहे का आणि पत्रिकेवर कोणाचे नाव लागले आहे, याची चौकशी भूमी अभिलेख कार्यालयात करता येते. मोजणीच्या वेळी कुटुंब गावात राहत नसेल, तर ही चौकशी अधिकच निकडीची ठरते.

वडिलोपार्जित घर असेल तर वारसनोंद पाहणे आलेच. आजोबांच्या नावावरच राहिलेली घरे या भागात कमी नाहीत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखाच हक्क दिला आहे. भावांनी आपसात ठरवले आणि एकाने दुरुस्तीवर निवृत्तीची पुंजी खर्च केली, तरी बहिणींचा हिस्सा कायम राहतो. खर्चापूर्वी सगळ्यांची लेखी संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेले बरे. ते नात्यालाही बरे आणि खिशालाही. जुने घर जमिनीसह विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन खरेदी करता येत नाही. दुरुस्तीसाठी परवानगी कोणाची घ्यायची, हेही गावागणिक बदलते. कोठे महापालिका, कोठे नगर परिषद, कोठे औद्योगिक विकास महामंडळ, तर कोठे २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अशी ही वाटणी आहे.

शाकारणीला मुदत मिळत नाही

शाळेची वर्षअखेर होते आणि मे महिन्यात घर बदलले जाते. पुण्यात मान्सून साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे असतात. २०२५ मध्ये तर तो मे महिन्यातच दाखल झाला. एवढ्या वेळात एकच काम नीट होऊ शकते, आणि ते छपराचेच असले पाहिजे. रंग, फरशी, स्वयंपाकघराचा ओटा ही कामे थांबू शकतात.

या पट्ट्यातली छपरे पावसाप्रमाणे बदलत जातात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात तो सातशेच्या घरात असतो. हे अंतर पासष्ट किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे पश्चिमेकडे मावळात तीव्र उताराची कौलारू छपरे आढळतात, तर पूर्वेला पाऊस कमी होत जातो तशी मातीची सपाट धाबी दिसू लागतात. चाकण या दोहोंच्या मध्ये आहे. तेथे एकाच वाड्यात पुढे माळवद आणि मागे कौले असेही आढळते.

कौलारू छपराची पूर्वी दर उन्हाळ्यात शाकारणी होत असे. कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा रचली जात. वीस वर्षे बंद असलेल्या घराची शाकारणी वीस वेळा चुकलेली असते. वरून चांगले दिसणारे छप्पर आतून रिपांपर्यंत कुजलेले असू शकते. मंगळुरी कौले उतरवताना जपून ठेवावीत. जुन्या साच्याची कौले नव्या कौलांशी जुळतीलच असे नाही. पन्हळीतला पाला काढणे आणि वळचणीचे पाणी जोत्यापासून दूर जाईल असा उतार काढणे, ही दोन कामे स्वस्त आहेत. नेमकी हीच राहून जातात.

धाब्याचा प्रश्न वेगळा आहे. गळती थांबवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकला जातो, जुना मात्र काढला जात नाही. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर फूटभर मातीचे वजन चार टनांहून अधिक भरते, आणि पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे गेली. मातीच्या सांध्यातल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. तेव्हा वरचा जादा थर उतरवणे हे जिवाच्या सुरक्षिततेचे काम समजावे. त्याच धाब्यावर हजार लिटरची पाण्याची टाकी बसवली, तर आणखी एक टन भार पडतो. टाकीसाठी वेगळा लोखंडी सांगाडा उभारलेला चांगला.

भार पेलणाऱ्या तुळया वरवर पाहून भागत नाही. लाकूड बहुधा भिंतीत शिरते त्या टोकाशी कुजते, कारण ओल तेथे साचते. हातोडीने ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर लाकूड शाबूत, पोकळ आला तर सळईचे टोक खुपसून खोली तपासावी. जुन्या सागाचा गाभा वाळवीला बराच दाद देत नाही, पण आंबा किंवा बाभळीचे लाकूड तसे टिकत नाही. एखादी तुळई खराब निघाली म्हणून सगळे छप्पर उतरवून स्लॅब टाकण्याची गरज नसते. मातीची भिंत स्लॅबचे वजन पेलेल की नाही, हे अभियंत्याला विचारल्याशिवाय तो विचार करूच नये.

भिंतीला श्वास हवा

गावाच्या बोलीत जमिनीचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीवर वस्ती होते. जुन्या घरांच्या भिंती याच पांढरीच्या मातीच्या असतात. कोठे कच्च्या विटांच्या, तर कोठे दगड-मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या. उन्हाळ्यात माजघर गार राहते ते या जाडीमुळे. बाहेरची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते.

या भिंतींत खालून ओल चढते. जुन्या बांधकामात ती अडवणारा थर नसतो. पण चढलेली ओल माती-शेणाच्या लिंपणातून किंवा चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर उडून जाते. पाणी येते आणि जाते, असा हा हिशेब शंभर वर्षे जमलेला असतो. सिमेंटचा गिलावा केला, की जाण्याचा रस्ता बंद होतो. ओल आत साचते, आणखी वर चढते आणि मातीतले क्षार बरोबर नेते. पाणी उडते तेथे त्या क्षारांचे स्फटिक होतात आणि गिलाव्याच्या पाठीमागची माती पिठासारखी सुटते. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. सिमेंट कडक, आतली माती मऊ; त्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे मोठे पापुद्रे सुटतात. ते सुटतात तेव्हा मातीचा थरही सोबत घेऊन पडतात. मग गवंडी आणखी जाड सिमेंट सुचवतो आणि घरमालक पुन्हा पैसे मोजतो. भिंत मात्र आतून ओली होत राहते. मुसळधार पावसात जुनी भिंत अचानक कोसळल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. अशा भिंतींत ओल किती दिवसांपासून साचत होती, हे त्या बातम्यांत क्वचितच येते.

तेलरंग आणि जलरोधक म्हणून खपणारे प्लास्टिकचे लेप यांचाही परिणाम तोच. भिंतीलगत बाहेरून काँक्रीटचा पट्टा किंवा पेव्हर ब्लॉक घालणे हेही घातकच. जमिनीतले पाणी मग भिंतीकडेच वळते. शेणाने सारवलेली जमीन उखडून चकचकीत फरशी बसवल्यावर भिंतीच्या पायथ्याशी ओल दिसू लागते, त्याचेही कारण हेच आहे.

उपाय जुनाच आहे. कळीचा चुना पाण्यात काही आठवडे मुरवून, वाळूत मळून त्याचा गिलावा करतात. तो हवेतला कर्बवायू शोषत सावकाश कडक होतो. त्यामुळे त्याला घाई चालत नाही आणि काही दिवस ओलसर ठेवावे लागते. असे काम जाणणारे कारागीर कमी राहिले आहेत हे खरे, पण अजिबात नाहीत असे नव्हे. राजगुरुनगरात भीमेकाठचा हुतात्मा राजगुरूंचा वाडा आणि चिंचवडचा चापेकर वाडा या भागातच स्मारकरूपाने जपले गेले आहेत. राहत्या घराला स्मारकासारखा खर्च करण्याची गरज नाही. आहे ती भिंत मातीच्या लिंपणाने दुरुस्त करून वर चुन्याचा हात दिला, तरी पुष्कळ भागते.

वीज आणि पाणी ही कामे त्यामानाने सरळ आहेत. जुनी तारजोडणी पूर्ण बदलावी, अर्थिंग नव्याने करावे, गळतीच्या वेळी प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. मातीच्या भिंतीत चर न पाडता तारा वरूनच नळीतून न्याव्यात. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. औद्योगिक क्षेत्राजवळ नेहमीच्या तपासणीबरोबर जड धातूंची तपासणी मुद्दाम सांगून करून घ्यावी. शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या बाजूला असावा. खाली काळा पाषाण असल्याने सांडपाणी भेगांतून कोठवर जाईल याचा नेम नसतो.

बंद घरातले आधीचे रहिवासी

बंद घर रिकामे नसते. बळदात आणि माळ्यावर उंदीर असतात आणि त्यांच्यामागे साप येतात. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चारही विषारी जाती राज्यात आढळतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत जाणवतही नाही. म्हणून पहिल्या पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालू नये. खाटेवर निजावे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. दंश झाल्यास मांत्रिक, चीर देणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिविष असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे सामान उतरवण्याच्या दिवशीच विचारून ठेवावे. विंचूदंशही हलक्याने घेऊ नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून त्यातले मृत्यू बरेच कमी झाले, पण त्यासाठी रुग्णालयात वेळेवर पोहोचावे लागते.

खेड तालुका जुन्नर वन विभागात येतो आणि उसातले बिबटे ही तेथली रोजची गोष्ट झाली आहे. सदनिकेतून आलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. अंधार पडल्यावर एकट्याने परसात जाऊ नये, शौचालय घरालगत असावे, गोठ्याला वरूनही जाळी हवी, अंगणात रात्रभर दिवा असावा. घरालगत वाढलेली झुडपे पहिल्याच आठवड्यात काढावीत.

यानंतर पावसाळाभर फारसे काही करू नये. कोणती भिंत कोठवर ओली होते, पाणी कोठे थबकते, कोणत्या खणात थेंब पडतो, याच्या खडूने खुणा कराव्यात आणि तारीख लिहावी. दसऱ्यानंतर भिंती वाळू लागतात. चुन्याचे काम तेव्हा काढावे, आणि कारागिराला आधी त्या खुणा दाखवाव्यात.