मोहल्ला कमिटी: दंगल नसतानाचं काम

जानेवारी 1993मध्ये मुंबईत जोगेश्वरी पूर्वेला गांधी चाळीतलं एक घर पेटवलं गेलं आणि सहा जणांचा जीव गेला. लोक त्या चाळीला राधाबाई चाळ म्हणतात. ती बातमी पसरली तशी सुडाची भाषाही शहरभर पसरली. बाबरी मशीद पडल्यावर डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993मध्ये उसळलेल्या मुंबईच्या दंगलींतले मृत, चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाने मोजले: 900. त्यांत 575 मुस्लिम, 275 हिंदू. पुढे अनेक कुटुंबांनी मिश्र वस्ती सोडून आपल्या माणसांत खोली घेतली; ठाण्याजवळचं मुंब्रा वाढलं ते याच सुमारास. झोपडपट्टीतली पोरं पलीकडच्या गल्लीत कुणालाही न ओळखता वाढू लागली. खाकी वर्दीचा भरवसा तर उरलाच नव्हता. पोलिसांच्या पक्षपातावर आयोगानेही बोट ठेवलं.

1994मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, उद्योजक एफ. टी. खोराकीवाला आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. नमुना जवळच होता. 1970 आणि 1984च्या दंगली भोगलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988पासून दोन्ही समाजांना पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसवलं होतं. बाबरी मशीद पडल्यावर मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

कमिटीचं काम दिसायला किरकोळ. नळावरची भांडणं, तुंबलेली गटारं, मिरवणुकीचा मार्ग यांवर आधीच बोलून ठेवायचं. म्हणजे अफवा उठली की फोन कुणाला करायचा, हे ठाऊक असतं. नाक्यावरच्या पोरांसाठी क्रिकेटचे सामने सुरू झाले. समोर बॉलिंगला पोलीस ठाण्यातलाच हवालदार. एरवी नाकाबंदीत गाठ पडणारे दोघे इथे एकमेकांना नावाने ओळखू लागतात.

या रचनेला मर्यादाही आहेत. आयुक्त बदलला की उत्साह बदलतो. बैठकीत बहुधा वस्तीतले प्रतिष्ठित पुरुष बोलतात. बेकार पोरगा आणि घरातली मुलगी मागेच राहतात. आणि न्याय कमिटीच्या हातात नाही. दंगलीत बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना शोधून भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला 2022मध्ये सांगावं लागलं. तोवर तेव्हाची पोरं चाळिशी ओलांडून गेली होती. पुढची दंगल रोखण्याचं काम वस्तीने अंगावर घेतलं. मागच्या दंगलीचा हिशेब सरकारकडे अजून बाकी आहे.