भिंतीतली ओल आणि मुलाचा खोकला

परवा दवाखान्यात एक भगिनी आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाला दमा. औषधाने दिवसा बरे वाटे, रात्री खोकला पुन्हा सुरू. "डॉक्टरसाहेब, औषध बदलून द्या," असा त्यांचा आग्रह. मी विचारले, "बाळ झोपतो कुठे?" न्हाणीघराच्या भिंतीला लागून! त्या भिंतीचे पोपडे निघाले होते, कपाटामागे काळी बुरशी धरली होती. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

आपला जिल्हा टंचाईचा. इथे घरात ओल कुठली, असे वाटेल. पूर्वी मोरी घराच्या मागे असे. आता झोपायच्या खोलीला लागूनच शॉवर असतो. शॉवरची दांडी आणि तोट्या भिंतीतून बाहेर येतात तिथे एक गोल चकती असते. तिच्यामागे फट राहिली की अंघोळीचे पाणी रोज थोडे थोडे आत झिरपते. फरशीवरून काहीच दिसत नाही. ओल उमटते पलीकडच्या खोलीत.

ओल आणि बुरशी असलेल्या घरात खोकला, घरघर व दम्याचा त्रास अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शक पुस्तिकेत सांगितले आहे. शिवाय ओल्या भिंतीत विजेची तार असेल तर शॉकचा धोका वेगळाच.

उपाय सोपा आहे. चकती सरकवून जुना मसाला खरवडून काढा, जागा पूर्ण कोरडी होऊ द्या. मग चकतीच्या कडेने वर व दोन्ही बाजूंना सिलिकॉन सीलंट भरा. खाली थोडी जागा मोकळी ठेवा. आतला सांधा गळत असेल तर पाणी तिथून बाहेर येऊन कळेल. साधारण एक दिवस शॉवर वापरू नका. पांढरे सिमेंट भरू नये. तोटी हलली की त्याला तडा जातो.

फट बुजवण्याआधी एक परीक्षा करा. रात्री टाकीत पाणी येणे बंद करून पातळीवर खूण करा, सगळे नळ बंद ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी प्लंबरला बोलवा.

बुरशी कोरडी झाडू नका, ती हवेत उडते. नाकाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. ओल्या भिंतीला रंग देऊ नका. वाळायला काही आठवडे लागतात.

त्या मुलाचे औषध मी बंद केलेले नाही, वाचकांनीही स्वतःहून बंद करू नये. फक्त त्याचे अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवायला सांगितले आणि चिठ्ठीवर औषधांखाली आणखी एक ओळ लिहिली: 'शॉवरची फट बुजवणे.'